बाबांच्या कीर्तिमुखाला उत्तर

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

बाबा, तुम्ही फोनवर अगदी ठामपणे म्हणालात की इथल्या, इंग्लंडमधल्या चर्चमधला तोंडातून पानं फुटलेला चेहरा म्हणजे आपलं कीर्तिमुखच, देवळाच्या उंबऱ्यावर कोरलेलं ते बटबटीत डोळ्यांचं तोंड, भारतातून इकडे आलेलं. आईचाही प्रश्न राहिलाच होता, की देवाच्या घरात असलं भेसूर तोंड कशाला कोरतात? फोनवर हे सगळं सांगून होत नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी साउथवेलचं सांगते, कारण ते बाबांनी बघायलाच हवं. नॉटिंगहॅमजवळच्या या गावातल्या मोठ्या चर्चला लागून एक अष्टकोनी दालन आहे, तेराव्या शतकाच्या अखेरचं. वर दगडी छत आणि मध्ये आधाराला एकही खांब नाही. भिंतीलगतच्या बारीक खांबांच्या माथ्यांवर पानंच पानं आहेत, आणि नुसती नक्षीतली पानं नव्हेत, बाबा, ओळखू येणारी! ओक, मेपल, आयव्ही, द्राक्ष, हॉथॉर्न. हॉप तर लगेच ओळखाल, भांगेच्या कुळातला. कारागिराने छिन्नी पानाच्या मागून फिरवलीय, त्यामुळे पान दगडापासून सुटं झालंय आणि त्याच्यामागे खरीखुरी सावली पडते. कातरलेल्या कडा, शिरा, मध्येच फळांचा घोस. आणि या पाल्यातून कुठे कुठे माणसाचं तोंड बाहेर येतं. तुम्ही वर्गात फळ्यावर पान काढायचात तेव्हा आधी मधली शीर ओढायचात. या लोकांनीही झाडाखाली उभं राहून पान हातात घेऊन पाहिलं असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. त्यांच्यापैकी एकाचंही नाव उरलेलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आता या चेहऱ्याचं नाव. सगळे त्याला ‘ग्रीन मॅन’ म्हणतात आणि फार पुरातन देव समजतात. पण चर्चमधल्या या कोरीव चेहऱ्याला हे नाव चिकटलं १९३९ साली. वेल्समधल्या लँगम नावाच्या खेड्यातल्या चर्चमध्ये तिथल्या पाद्रीबाबांनी लेडी रॅगलन यांना असा एक चेहरा दाखवला. त्यांनी लोकसाहित्याच्या एका नियतकालिकात लेख लिहिला आणि म्हटलं, की हा चेहरा कल्पनेतला नाही, मे महिन्याच्या सणात पानांनी झाकून नाचणारा माणूसच कारागिरांनी कोरलाय. रॉबिन हूडलाही त्यांनी त्याच माळेत ओवलं. कल्पना इतकी देखणी होती की लोकांनी ती उचलूनच धरली. २०२३ मध्ये राजे चार्ल्स यांच्या राज्याभिषेकाच्या निमंत्रणपत्रिकेवर तळाशी ओक, आयव्ही आणि हॉथॉर्नच्या पानांचा हाच चेहरा होता, आणि राजवाड्यानेही त्याला ब्रिटिश लोककथांमधली प्राचीन व्यक्तिरेखाच म्हटलं.

पण तो नाचणारा माणूस तितका जुना नाही. आई, हे खास तुझ्यासाठी लिहितेय. त्याला ‘जॅक इन द ग्रीन’ म्हणतात. रॉय जज नावाच्या अभ्यासकाने जुने कागद चाळून १९७९ मध्ये दाखवून दिलं, की याच्या नोंदी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनच सापडतात, आणि हा खेळ होता लंडनमधल्या धुराडी साफ करणाऱ्यांचा. आधी गवळणी मे महिन्याच्या पहिल्या तारखेला चांदीची भांडी आणि फुलं रचून ती डोक्यावर घेऊन दारोदार नाचायच्या. त्यांचं बघून धुराडीवालेही उतरले. त्यांनी वेताचा उंच सांगाडा केला, तो पाल्याने पूर्ण मढवला आणि आत एक माणूस शिरला. उन्हाळा तोंडावर आला की शेकोट्या बंद होत, काम आटे, म्हणून त्या दिवशी नाचून पैसे मागायचे. त्यांच्यात लहान लहान पोरं असायची. अरुंद धुराड्यात मोठा माणूस मावत नाही म्हणून पाचसहा वर्षांच्या मुलांना आत चढवत. गुडघे-कोपर सोलवटून निघायचे, काही आतच अडकून मेली. १८७५ च्या कायद्यानंतर ते कुठे थांबलं. त्या पोरांना वर्षातून एक दिवस अंगावर काजळीऐवजी हिरवं काही बघायला मिळत होतं, हे मला कुठल्याही पुरातन देवापेक्षा जास्त लागतं. लोक त्यांना विसरून देवाच्या गोष्टी सांगतात, ते मला पटत नाही.

म्हणजे चर्चमधली तोंडं आणि हा जॅक यांच्यात चारपाचशे वर्षांचं अंतर आहे.

आई, तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं, की ही तोंडं हसरी नाहीतच मुळी. कॅथलीन बॅसफर्ड यांनी ती गावोगाव फिरून पाहिली. बाबा, त्याही तुमच्यासारख्याच वनस्पतिशास्त्राच्या! १९७८ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी दाखवलं की बहुतेक चेहरे वेदनेत आहेत. वेली तोंडातून निघतात, कधी डोळ्यांतून. आणि नवव्या शतकातला एक धर्मपंडित, राबानस माउरस, पानांचा संबंध देहाच्या पापांशी लावत होता. पाप माणसाला कसं वेढून टाकतं ते देवाच्या घरात दिसायला नको का? निदान काही चेहऱ्यांचा अर्थ असा लावावा असं मलाही वाटतं. साउथवेलच्या चेहऱ्यांना मात्र मी पापी म्हणू धजणार नाही, ती पानं फार प्रेमाने कोरली आहेत.

आता कीर्तिमुख. बाबा, साम्य आहे, ते मी नाकारत नाही. नुसतं तोंड, बटबटीत डोळे, जबड्यातून सुटलेल्या वेली, आणि जागाही बरेचदा दाराशीच. हेरफर्डशरमधल्या किलपेकच्या बाराव्या शतकातल्या चर्चच्या दारालगतच्या खांबावर असं तोंड आहे. हे भारतातून आलं असं म्हणणारे अभ्यासक इथेही आहेत. पण रोमन लोक पानांचे मुखवटे आधीपासूनच कोरत होते, आणि जर्मनीतल्या ट्रियरच्या बिशपने सहाव्या शतकात पडक्या रोमन देवळातले असे खांबांचे माथे आणून आपल्या चर्चमध्ये बसवले. इतकी जवळची वाट असताना मला समुद्रापलीकडची कशाला हवी? शिवाय आपल्या तोंडाला कथा आहे. जालंधराचा निरोप घेऊन राहू शंकराकडे आला, त्याला खायला धावलेल्या गणाला शंकराने स्वतःलाच खा म्हटलं आणि त्याने मुखापर्यंत सगळं अंग खाल्लं. ती कथा आजीने मला उंबऱ्यावरच सांगितली होती. इथल्या तोंडाची कथा कुणी लिहूनच ठेवली नाही. आणि आपलं तोंड स्वतःलाच गिळतंय, तर इथल्यातून काहीतरी उगवतंय. मला हा फरक मोठा वाटतो, तुम्हाला काय वाटतं ते कळवा.

बाबा, पुढच्या वेळी गावच्या देवळात जाल तेव्हा उंबऱ्यावरच्या कीर्तिमुखाचा जवळून फोटो काढा. खालचा जबडा आहे का, आणि वेल तोंडातून निघते की नुसती बाजूने जाते, हे दिसायला हवं. ऊन तिरकं असताना काढा, दुपारी काही दिसत नाही. वाकून काढू नका, शेजारच्या मुलाला सांगा. आणि मे महिन्यात इकडे यायचं ठरवाच. तेव्हा हॉथॉर्न फुललेला असतो आणि थंडीही आईला सोसेल इतपतच असते. साउथवेलच्या दालनात बसायला बाक आहेत.

तुमची,
मुग्धा