भरतीरेषा कुठली, उधाणाची की भांगाची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

किनारा नियमन क्षेत्राच्या, म्हणजे किनाऱ्यालगत बांधकामावर बंधनं असलेल्या पट्ट्याच्या, नव्या नकाशांची बातमी आपल्या दैनिकात वाचली. तीत ‘आंतरभरती क्षेत्र’ म्हणजे ‘किनाऱ्यालगतची मोकळी जागा’ असं म्हटलं आहे आणि ‘भरतीरेषा’ म्हणजे ‘भरतीचं पाणी येतं ती रेषा’ एवढंच सांगितलं आहे. मी रत्नागिरी जिल्ह्यात खाडीकाठी राहते, तिथल्याच शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं. या दोन शब्दांच्या अर्ध्या अर्थापायी माणसं कशी फसतात ते जवळून पाहिलं आहे, म्हणून हे पत्र.

भरती रोज सारखी चढत नाही. आवस-पुनवेला सूर्य-चंद्राची ओढ एका रेषेत येते आणि उधाण येतं. पाणी जास्त वर चढतं, ओहोटीला तेवढंच जास्त मागे जातं. सप्तमी-अष्टमीच्या सुमारास भांग असतो. तेव्हा पाणी धड चढतही नाही, धड उतरतही नाही. कायद्यातली भरतीरेषा ही उधाणाच्या सर्वांत मोठ्या भरतीची रेषा आहे. ओहोटीरेषाही उधाणाचीच, आणि या दोहोंमधला सगळा पट्टा म्हणजे आंतरभरती क्षेत्र. किनारा नियमनाच्या १९९१, २०११ आणि २०१९ या तिन्ही अधिसूचनांत भरतीरेषेच्या व्याख्येत उधाण आहे. मराठी बातमीत उतरताना नेमकं तेच गळतं.

गळल्यावर काय होतं ते सांगते. आमच्या वाडीतल्या एका शेजाऱ्याला पुळणीमागच्या, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूमागच्या, आपल्या जागेत दोन खोल्या बांधायच्या होत्या. त्याने असंच कुठेतरी वाचलं होतं की भरतीरेषेपासून २०० मीटर सोडायचे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते हे आमच्याकडे पोरासोरांना ठाऊक असतं. अष्टमी होती, आठाची पाऊणपट सहा. सकाळी सहाला तो टेप घेऊन गेला, ओल्या वाळूच्या कडेला खुंटी मारली आणि तिथून मोजलं. जागा बसली. कागद केले, बांधकामासाठी चिऱ्याचा दगड उतरवून घेतला. अर्ज परत आला तेव्हा कुणीतरी आपल्याला अडवतंय, अशी त्याची खात्रीच झाली. पुढच्या अमावास्येला मी त्याला घेऊन तिथेच गेले. पाणी त्या खुंटीवरून चाळीसेक पावलं आत आलं होतं. तो बराच वेळ काही बोलला नाही. चिरा अजून तिथेच पडून आहे, त्यावर शेवाळ धरलंय.

खाडीत हा घोळ आणखी वाढतो. समोर लाटा नाहीत, वाळू नाही, मग हा कसला किनारा, असं माणसाला वाटतं. पण भरतीचं पाणी नदीत कित्येक किलोमीटर आत शिरतं. किनारा नियमन तिथवर लागू होतं, जिथवर वर्षातल्या सर्वांत कोरड्या दिवसांत पाण्याच्या हजार भागांत पाच भाग क्षार सापडतात. हे कुठल्याच बातमीत मी वाचलेलं नाही.

आणि ‘मोकळी जागा’? अमावास्येच्या पहाटेच्या मोठ्या ओहोटीला कधी या आमच्या खडपांवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकांवर. बायका कमरेला टोपली बांधून, आखूड कोयतीने कालवं फोडत असतात. खडपाच्या अगदी वरच्या अंगाला बारीक शंख चिकटलेले, त्यांना पाणी भेटतं ते उधाणातच. त्याखाली बार्नेकल या खडकाला चिकटून राहणाऱ्या कवचवाल्या जिवांचा पांढरट खरबरीत थर, मग कालवं, आणि अगदी खाली, जिथे खडप जेमतेम तासभर उघडं पडतं, तिथे शेवाळ. कोण किती वेळ पाण्याबाहेर तग धरतो यावर हे मजले ठरलेत. खाडीच्या बाजूला चिखलात मुळे, तिसऱ्या हे शिंपले. त्याच्यावर तिवरं. या बायका बाजारात जे विकतात ते सगळं याच पट्ट्यातलं. त्याला मोकळी जागा म्हटलं की भराव टाकायला वाट मोकळी होते.

शास्त्राच्या पुस्तकांत याला ‘लिटोरल’ म्हणतात, तो लॅटिनमधल्या किनाऱ्यावरून आलेला शब्द. पण त्याचे अर्थ जागा बदलून बदलतात. तलावाच्या अभ्यासात लिटोरल म्हणजे काठाजवळचं उथळ पाणी, जिथे तळापर्यंत ऊन पोहोचतं. नौदलाच्या बोलण्यात तो समुद्र आणि जमीन दोन्हीकडे बराच दूरवर पसरतो. म्हणून तो नुसता देवनागरीत लिहून भागणार नाही. परिभाषेतला ‘वेलांचली’ मला आवडतो. संस्कृतात वेला म्हणजे किनारा, भरती आणि वेळसुद्धा, आणि या पट्ट्यात तिन्ही एकत्र नांदतात. तरी बातमीसाठी तो जड होईल हे मान्य.

माझी विनंती साधी आहे. ‘भरतीरेषा’ न लिहिता ‘उधाणाची भरतीरेषा’ लिहा. ‘आंतरभरती क्षेत्र’ लिहिलंत तर शेजारी एक ओळ द्या: उधाणाच्या भरतीला बुडतो आणि उधाणाच्या ओहोटीला उघडा पडतो तो पट्टा. उधाण आणि भांग हे शब्द कोळीवाड्यात रोज बोलले जातात, ते समजावून सांगावे लागणार नाहीत.

येत्या पंधरवड्यात आमच्या ग्रामपंचायतीत हा नकाशा भिंतीवर लागणार आहे. त्याआधी आपल्याकडे दुरुस्ती छापून आली, तर कात्रण मी स्वतः नेऊन नकाशाशेजारी लावीन.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, जि. रत्नागिरी