तक्रार पत्र: इंजिनाला हात न लावता माझ्या ट्रकचं रिकॉल ‘पूर्ण’ दाखवल्याबद्दल

प्रति,
व्यवस्थापकीय संचालक व ग्राहक सेवा प्रमुख यांस

दिनांक: 28 नोव्हेंबर 2024

काल दुपारी तुमच्या ग्राहक सेवेला मी सहाव्यांदा फोन केला. तो ज्या शब्दांवर संपला, त्यानंतर आता फोन करणार नाही. जे काही आहे ते लेखी.

माझा दहाचाकी कार्गो ट्रक मी ऑगस्ट 2021 मध्ये घेतला. चॅसिस आणि इंजिन क्रमांक सोबत जोडले आहेत. यंदा फेब्रुवारीत तुमचंच रिकॉलचं, म्हणजे दोष असलेल्या गाड्या परत बोलावण्याचं, पत्र आलं: या काळात बनलेल्या गाड्यांचा ईजीआर कूलर (इंजिनात परत जाणारा धूर थंड करणारा भाग) आतून तडकू शकतो, त्यातलं कूलंट, म्हणजे थंड ठेवणारं पाणी, इंजिनात उतरू शकतं, कूलर मोफत बदलून मिळेल. शिवाय कूलर आणि त्याच्या गळतीने झालेलं इंजिनाचं नुकसान, दोन्हींची वॉरंटी पाच वर्षांपर्यंत वाढवली आहे. दोष काय आहे हे तुम्हाला मी समजवायला नको, तो तुम्हीच मला कळवला होता.

मार्चमध्ये सर्व्हिसिंगला गेलो तेव्हा कूलर मागितला. पार्ट आला नाही, आल्यावर फोन करतो, असं तुमच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरने सांगितलं. मे महिन्यात मी विचारलं, जुलैमध्ये विचारलं. फोन आला नाही. ऑक्टोबरपासून टाकीतलं कूलंट उतरायला लागलं. गाडीखाली एक थेंब नाही आणि बेळगावच्या एका खेपेला दोन लिटर भरावं लागायचं. सकाळी पांढरा धूर यायचा, त्याला गोडसर वास. हेही मी सेंटरला कळवलं. उत्तर तेच, पार्ट आला नाही.

12 नोव्हेंबरला कुंडईहून माल भरून निघालो आणि रात्री मोलेला थांबलो. पहाटे सेल्फ मारला. इंजिन अर्धा फेरा फिरलं आणि आत धाडकन आवाज होऊन जाम झालं. माझा क्लीनर शिडीवरून खाली उडी मारून पळाला, असा तो आवाज होता. रात्रभरात कूलंट सिलिंडरमध्ये साचलं होतं. पाणी दाबलं जात नाही, म्हणून कनेक्टिंग रॉड वाकला. फोंड्याच्या गॅरेजात ईजीआरचा पाईप माझ्यासमोर सोडला, आतली काजळी ओली, चिखलासारखी बोटाला आली. कूलरच्या बोल्टांवर कारखान्यात मारलेली पिवळी रेघ बोल्टावरून बॉडीवर सरळ गेलेली आहे, कुठेच तुटलेली नाही. त्या बोल्टांना आजवर पाना लागलेला नाही. फोटो जोडले आहेत.

आता कालचा फोन. तुमच्या प्रतिनिधी म्हणाल्या, “सर, तुमच्या गाडीचं रिकॉल 6 ऑगस्टला पूर्ण झालेलं आहे.” मी म्हटलं, बाई, गाडी तुमच्याकडे आलीच नव्हती. त्या म्हणाल्या, “सिस्टिममध्ये पूर्ण दिसतंय.” मी म्हटलं, जुनाच कूलर अजून इंजिनावर आहे, फोटो पाठवतो. “सर, फोटो चालत नाही. सिस्टिममध्ये क्लोज झालेली केस उघडता येत नाही.” त्या दिवशीचं जॉब कार्ड मागितलं, ज्यावर गाडी सोडणाऱ्याची सही असते. थोडा वेळ संगीत वाजलं. मग दुसरे एक साहेब आले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “तुम्ही ड्रायव्हर का? गाडीच्या मालकाला फोन द्या.” मी म्हटलं, मालक मीच आणि चालवतोही मीच. त्यावर ते म्हणाले, “मग कदाचित तुमच्या लक्षात नसेल. आणि हे व्यावसायिक वाहन आहे, ग्राहक कोर्टाची भाषा करून उपयोग नाही.” एवढं बोलून फोन ठेवला.

माझ्या लक्षात सगळं आहे. 6 ऑगस्टला गाडी कुंडईला भरत होती. वजनकाट्याची पावती माझ्याकडे आहे, तारीख आणि वेळेसकट. आणखी एक गोष्ट. सेंटरमधल्या एका मुलाने मला ती नोंद दाखवली. त्यात किलोमीटर लिहिलेत 2,14,630. हाच आकडा माझ्या मार्चच्या सर्व्हिसिंगच्या बिलावर आहे. मार्च ते ऑगस्ट माझी गाडी एक किलोमीटरही चालली नाही का? जुना आकडा उचलून कुणीतरी तिथे बसवला आणि काम झालं असं लिहून टाकलं. याला मी चूक म्हणणार नाही, ही खोटी नोंद आहे.

“गाडीच्या मालकाला फोन द्या” हे मला फार लागलं. उसगाव-तिस्क भागात आमच्यासारख्यांनी काय काय पाहिलं ते तुमच्या गोव्यातल्या विक्रेत्यांना ठाऊक आहे. 2012 साली आमच्या ट्रकना माल देणाऱ्या लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या, तेव्हा माझा पहिला ट्रक दारात उभा राहून गंजला. पुन्हा थोडं सुरू झालं आणि मार्च 2018 मध्ये परत बंद पडलं. तो ट्रक भंगारात घालून, घरचं सोनं गहाण ठेवून मी ही गाडी घेतली आणि कर्नाटकात जाणाऱ्या अनमोड घाटाचा रस्ता धरला. महिन्याचा हप्ता 58,400 रुपये. गाडी उभी असली तरी हप्ता उभा राहत नाही. मी मालक आहे आणि तो कसा झालो ते मला माहीत आहे.

तुमच्या साहेबांनी कायदा सांगितला म्हणून मीही सांगतो. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये स्पष्ट लिहिलं आहे की केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यावसायिक हेतूत मोजत नाहीत. एक गाडी, तीही स्वतः चालवणारा माणूस त्यात बसतो. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 110 अ आलं. दोष लक्षात आला की केंद्र सरकारला कळवून रिकॉल करणं ही उत्पादकाची जबाबदारी आहे. न झालेली कामं झाली म्हणून नोंदली जात असतील, तर तुम्ही सरकारला कुठले आकडे देणार?

माझं इंजिन मोलेला उभं असताना जाम झालं म्हणून मी हे पत्र लिहितोय. हेच अनमोडच्या वळणावर, भरलेल्या गाडीत झालं असतं तर? इंजिन थांबलं की ब्रेकला हवा देणारा एअर कॉम्प्रेसर थांबतो, स्टिअरिंग जड होतं, इंजिन ब्रेक जातो. तुमच्या इंजिनिअरांना हे माझ्यापेक्षा जास्त कळतं. तिस्कावर तुमच्याच कंपनीच्या कितीतरी गाड्या आहेत. 6 ऑगस्टला माझ्यासारख्या आणखी कुणाकुणाची गाडी कागदावर दुरुस्त झाली? ते लोक आज त्याच कूलरवर घाट चढत असतील आणि सिस्टिम त्यांनाही पूर्ण दाखवत असेल.

मला पुढील गोष्टी लेखी हव्यात. 6 ऑगस्टची नोंद रद्द करावी. वाढीव वॉरंटीखाली इंजिनाची 3,84,000 रुपयांची दुरुस्ती, क्रेनचे 12,000 रुपये आणि गाडी उभी राहिलेल्या दिवसांची भरपाई मिळावी. त्या सेंटरने ‘पूर्ण’ दाखवलेली प्रत्येक गाडी परत बोलावून कूलर डोळ्यांनी तपासावा. आणि जॉब कार्ड. ते मी चौथ्यांदा मागतोय. त्यावर माझी सही असेल तर दाखवा.

पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास जिल्हा ग्राहक आयोगात आणि केंद्राच्या वाहन रिकॉल पोर्टलवर तक्रार दाखल करीन. जुना कूलर बोल्टांसकट गॅरेजात तसाच ठेवायला सांगितला आहे. तुमचा माणूस येऊन बघेपर्यंत त्याला कुणी हात लावणार नाही.

आपला ग्राहक,
ट्रकमालक आणि चालक
उसगाव, फोंडा, गोवा

सोबत: रिकॉलचं पत्र, मार्चचं बिल, 6 ऑगस्टची वजनकाट्याची पावती, कूलरच्या बोल्टांचे फोटो, क्रेनची पावती