अन्नवाटपही सेवाच

चर्चमधील सेवेविषयीचा आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला. उपदेशाचे महत्त्व मान्यच आहे. पण हिशेब, संडे स्कूल (मुलांचे रविवारचे धर्मशिक्षण), गायनवृंद, आजाऱ्यांच्या भेटी यांना लेखात ‘साहाय्यक कामे’ म्हटले आहे, ते पटले नाही. बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात विधवांना रोजचे अन्न वाटण्यासाठी सात जण निवडले गेले. तेही पवित्र आत्म्याने व ज्ञानाने पूर्ण असावेत, अशी अट होती. प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या प्रमुख शिष्यांनी, प्रार्थना करून व त्यांच्यावर हात ठेवून त्यांना या सेवेसाठी नेमले. पहिला ख्रिस्ती रक्तसाक्षी (श्रद्धेसाठी प्राण देणारा) स्तेफन या सातांपैकीच! आज मात्र खजिनदार किंवा संडे स्कूलचे शिक्षक नेमताना ‘कोणाला वेळ आहे’ एवढेच अनेकदा पाहिले जाते. या नेमणुकाही संपूर्ण मंडळीसमोर, प्रार्थनापूर्वक व्हायला हव्यात.

– एक वाचक