बाबांच्या नाडीविषयी

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, तुमच्या तपासणीचे कागद आईने पाठवले आणि मी ते सावकाश वाचले. फोनवर तुम्ही "साखर काठावर आहे, मधुमेह काही झालेला नाही" एवढे सांगून विषय संपवलात. तिथे तुम्ही मला मध्येच थांबवता. पत्राला थांबवता येत नाही, म्हणून हे लिहीत आहे.

उपाशीपोटीची साखर ११८ आणि एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज, ६.१ टक्के, म्हणजे दोन्ही आकडे मधुमेहपूर्व अवस्थेतच मोडतात, हे तुमचे म्हणणे बरोबर आहे. माझी नजर अडकली ती त्याच कागदाच्या वरच्या कोपऱ्यात लिहिलेल्या आणि कोणीच लक्ष न दिलेल्या एका आकड्यावर: नाडी ९४. मागच्या वर्षीच्या कागदावरही ती ९० होती. त्यात आईने पत्राच्या शेवटी सहज लिहिले आहे, की हल्ली सकाळी अंथरुणातून उठताना तुम्हाला क्षणभर अंधारी येते आणि भिंतीचा आधार घ्यावा लागतो. या दोन गोष्टी एकत्र वाचल्यावर, दिवसभर लोकांच्या स्वायत्त चेतासंस्थेच्या, म्हणजे हृदय आणि रक्तदाब आपोआप सांभाळणाऱ्या चेतांच्या, चाचण्या घेणाऱ्या मुलीला स्वस्थ बसवेल कसे?

हृदयाला ठोके देण्यासाठी बाहेरच्या कोणाची गरज नसते. त्याच्या उजव्या वरच्या कप्प्यातील पेशींचा एक लहानसा पुंजका आपला आपण मिनिटाला सुमारे शंभर ठोके देत असतो. विश्रांतीच्या वेळी हा वेग साठ-सत्तर-ऐंशीवर येतो, कारण मेंदूच्या तळापासून निघून मानेतून छातीत आणि पुढे पोटापर्यंत जाणारी व्हेगस नावाची चेता त्याला सतत आवरून धरते. हृदयाचे प्रत्यारोपण करताना या चेता तोडाव्या लागतात आणि म्हणूनच नवे हृदय मिळालेल्या माणसाची नाडी स्वस्थ बसल्या जागीही नव्वद ते एकशेदहाच्या आसपास राहते. विश्रांतीत नाडी कायम चढी असेल, तर हा लगाम सैल पडला आहे का, हा प्रश्न म्हणूनच विचारावा लागतो. आपण श्वास आत घेतो तेव्हा व्हेगसची पकड सुटते आणि ठोके किंचित जलद होतात, सोडतो तेव्हा पकड पुन्हा घट्ट होते. घड्याळासारखे अगदी एकसारखे पडणारे ठोके पाहून तुमच्यासारख्या शिस्तप्रिय माणसाला बरे वाटेल, पण आमच्या खोलीत ठोक्यांच्या वेगाची तशी सरळ रेघ उमटली की आम्ही एकमेकींकडे पाहतो.

आता साखरेचा याच्याशी संबंध काय, हा तुमचा प्रश्न मला इथूनच ऐकू येतो. चेतांना रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या केसाहून बारीक असतात. वाढलेली साखर, इन्शुलिनला न जुमानणारे शरीर, पोटावरची चरबी, चढा रक्तदाब आणि रक्तातील मेद ही सगळी मंडळी मिळून त्या वाहिन्यांना आणि खुद्द चेतातंतूंना हळूहळू इजा करतात. लांब चेतांना त्याची झळ आधी लागते. पायांची बोटे आधी बधिर होतात ती यामुळेच, आणि व्हेगसही लांबच लांब आहे. तिची पकड ढिली झाली की हृदयाला पळवणारी दुसरी, अनुकंपी बाजू वरचढ ठरते.

आणि ज्या काठाच्या भरवशावर तुम्ही निश्चिंत आहात, तो काठ आखला कसा गेला हेही सांगते. उपाशीपोटीच्या साखरेची मधुमेहाची रेषा १९९७ साली अमेरिकेत १४० वरून १२६ वर आणली गेली, आणि ती ठरवताना मुख्यतः डोळ्यांच्या पडद्याची हानी कोणत्या साखरेपासून वाढू लागते हे पाहिले गेले. हृदयाच्या चेतांना विचारून ती रेषा कोणी ओढलेली नाही. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम गावच्या प्रसिद्ध हृदय-अभ्यासात, मधुमेह नसलेल्या पण उपाशीपोटीची साखर चढी असलेल्या लोकांच्या ठोक्यांमधील चढउतार कमी झालेला आढळला होता. जर्मनीतील ऑग्सबर्ग परिसरात ५५ ते ७४ वर्षे वयाच्या लोकांची पाहणी झाली, तेव्हा ज्यांची उपाशीपोटीची आणि ग्लुकोज प्यायल्यावरची, अशा दोन्ही साखरा काठावर होत्या, त्यांच्यातही हृदयाच्या चेतांचा बिघाड निरोगी लोकांपेक्षा जास्त दिसला. काठावरच्या प्रत्येकाला हे होते असा याचा अर्थ मुळीच नाही. पण तुमच्याबाबत तपासून पाहण्याइतके कारण नक्कीच आहे.

अंधारी येण्याचेही तसेच. माणूस उभा राहिला की अर्धा ते एक लिटर रक्त पायांकडे आणि पोटाकडे उतरते. निरोगी चेता तत्काळ तिथल्या वाहिन्या आवळतात आणि आपल्याला काही कळतसुद्धा नाही. उभे राहिल्यापासून तीन मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब २० किंवा खालचा १० ने उतरला, तर ते डॉक्टरांना सांगण्यासारखे असते. मात्र सगळेच साखरेच्या माथी मारू नये. तुम्ही प्रोस्टेटसाठी जी गोळी रात्री घेता, तीही हेच करू शकते. रक्तदाबाची गोळी, कमी पाणी पिणे, रक्त कमी असणे हीदेखील कारणे आहेत. जलद नाडीमागे थायरॉईड किंवा ठोक्यांचा स्वतंत्र दोषही असू शकतो. म्हणूनच ईसीजी, हिमोग्लोबिन आणि थायरॉईडची तपासणी आधी व्हावी, आणि कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये.

आई, हा भाग तुझ्यासाठी आहे, कारण बाबा तो गाळून वाचतील. या चेता खूपच बिघडल्या तर हृदयाच्या दुखण्याची वर्दी मेंदूपर्यंत नीट पोहोचत नाही, आणि हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येऊ शकतो. बाबांना अकारण दम लागला, दरदरून घाम फुटला, मळमळले किंवा एकाएकी गळून गेल्यासारखे झाले, तर "छातीत तर दुखत नाही ना" या एका प्रश्नावर समाधान मानू नकोस. तेव्हा माझ्या फोनची वाट न पाहता थेट रुग्णवाहिका बोलाव.

चाचणीला घाबरण्यासारखे काही नाही. एडिंबरोच्या युइंग आणि क्लार्क या डॉक्टरांनी बसवलेल्या पद्धतीच आजही वापरल्या जातात. तुम्हाला पाच सेकंद श्वास घ्यायला आणि पाच सेकंद सोडायला, म्हणजे मिनिटाला सहा श्वास घ्यायला सांगतील आणि ईसीजीवर सर्वांत जलद व सर्वांत मंद ठोक्यांमधील फरक पाहतील. त्यांच्या मूळ मोजपट्टीत १५ किंवा जास्त हा फरक चांगला आणि १० किंवा कमी हा कमकुवत मानला आहे. वयाबरोबर तो आपोआपही घटतो, त्यामुळे तुमचा आकडा तुमच्या वयाच्या लोकांशीच ताडून पाहावा लागतो. मग आडवे झोपून उठायचे, एका नळीत पंधरा सेकंद जोर लावून फुंकायचे, आणि झाले. फुंकण्याचा ताण डोळ्यांवरही येतो, म्हणून त्यापूर्वी डोळ्यांचा पडदा तपासलेला असावा. त्या सकाळी चहा-कॉफी घेऊ नका आणि सगळ्या गोळ्यांची यादी बरोबर न्या. तुमच्या मनगटी घड्याळात ठोक्यांच्या चढउताराचा जो आकडा दिसतो, तो मला पाठवू नका. त्यावरून निदान होत नाही.

खूप उशीर झाला की या चेता पुन्हा पूर्ववत करणे अवघड जाते, पण काठावर असताना त्या अजून ऐकतात, असे मानायला आधार आहे. अमेरिकेतील मधुमेह प्रतिबंधाच्या मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. आठवड्याला किमान १५० मिनिटे व्यायाम आणि वजनात सात टक्के घट एवढेच ध्येय दिलेल्या गटात मधुमेहाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले, मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी दिलेल्या गटात ३१ टक्क्यांनी. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती नंतर केलेली मोजणी: व्यायामाच्या गटातील लोकांची विश्रांतीतली नाडी उतरली आणि ठोक्यांमधील चढउतार सुधारला. तुमच्या ७८ किलोंचे सात टक्के म्हणजे साडेपाच किलो. चालताना पहिली दहा मिनिटे अगदी हळू चाला, कारण ढिल्या चेतांमुळे हृदयाला वेग घ्यायला उशीर लागतो, आणि थांबतानाही एकदम थांबू नका. किती वेगाने चालायचे ते नाडीवरून ठरवू नका. आईशी बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, इतपत वेग पुरे. (तसेही तुमचे गाणे थांबले तर आईची तक्रार नसेल.) सकाळी उठताना आधी पलंगाच्या कडेला बसा, पोटऱ्या दहा-वीस वेळा आवळा-सोडा आणि मगच उभे राहा.

पुढे कधी कसली शस्त्रक्रिया ठरली, मोतीबिंदूची का असेना, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना या अंधारीबद्दल आवर्जून सांगा.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मी येत आहे, तेव्हा आपण तिघे मिळून डॉक्टरांकडे जाऊ. तोवर आईने सात दिवस एका वहीत लिहून ठेवावे: सकाळी उठण्यापूर्वी पडल्या पडल्या नाडी आणि रक्तदाब, मग उभे राहिल्यावर एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा. बाबा, वही आईच्याच हातात राहू द्या. तुम्ही आकडे गोल करता.

तुमची लेक

ता. क. : रक्तदाब मोजताना उभे असतानाही हात छातीच्या उंचीवर, टेबलावर किंवा उशीवर टेकवलेला असावा. हात खाली लोंबकळत राहिला तर आकडा खोटा चढतो.