रावेरखेडीहून परतल्यावर

पुणे, रविवार

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस शिरसाष्टांग नमस्कार.

नर्मदाकाठच्या प्रवासाहून काल रात्री सुखरूप परतले. फोनवर बरेचसे सांगून झाले आहे, परंतु रावेरखेडीविषयी बाबांना लिहूनच कळवायचे, असे तिथेच ठरवले होते.

अमरकंटकपासून खंभातच्या आखातापर्यंत नर्मदा १,३१२ किलोमीटर वाहते. आम्ही पाहिला तो ओंकारेश्वर ते महेश्वर हा लहानसा टप्पा, आणि तोही पुलावरून पात्र ओलांडत. तेव्हा आई, याला परिक्रमा म्हणू नकोस. खरे परिक्रमावासी नदी उजव्या हाताला ठेवून चालतात आणि तिला मध्येच ओलांडत नाहीत. अशाच एका वृद्ध जोडप्याने, सदाव्रतात मिळालेल्या डाळ-तांदळाची खिचडी शिजवता शिजवता, आम्हालाच आग्रहाने पानावर बसवले.

महेश्वरला अहिल्याबाईंच्या वाड्याखालचा घाट पाहिला, मागावरची लुगडी पाहिली, आणि तुझ्यासाठी एक घेतलेही. रंग आवडला नाही तर रागावू नकोस.

बाबा, तुम्ही मला लहानपणी शनिवारवाड्यासमोर उभे करून घोड्यावरच्या बाजीरावांच्या मोहिमा ऐकवत असा. नर्मदेच्या दक्षिण काठावरच्या रावेरखेडी या खेड्यात, २८ एप्रिल १७४० रोजी, वयाच्या अवघ्या ३९व्या वर्षी, ते तापाने गेले, हेही तुम्हीच शिकवलेत. मात्र तीस वर्षे इतिहास शिकवूनही ती जागा तुम्ही पाहिलेली नाही, हे मला समाधीपाशी उभी असताना प्रथमच जाणवले. पुण्यातला पुतळा सदैव दौडत असतो. इथे दगडी ओवऱ्यांच्या आत नुसती शांतता आहे आणि पलीकडे रुंद, संथ पाणी. लकडी पुलावरून रोज मुठा ओलांडताना खाली न पाहणारी मी तिथे तासभर त्या पाण्याकडे पाहत बसले होते.

आमची गाडी समाधीच्या जवळपर्यंत गेली, त्यामुळे बाबांच्या गुडघ्यांची सबब तिथे चालणार नाही. महेश्वरच्या घाटाला पायऱ्या पुष्कळ आहेत. तिथे माझा खांदा धरावा लागेल. माघात ऊन कोवळे असते, तेव्हाची रजा मी मागून ठेवली आहे. बाबांची हरकत असेल तर ती आईने पत्राने कळवावी, फोनवर बाबा विषय बदलतात.

आपली,
धाकटी