तात्या, टाकी छतावर चढवली नाहीत त्याबद्दल

तात्या,

सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानलेले तुम्हाला चालत नाहीत. गेल्या महिन्यात पेढ्यांचा पुडा घेऊन आलो तर "काय, बारसं हाय काय?" म्हणून तुम्ही पुडा शेडमधल्या बारक्याच्या हातात दिलात आणि ग्राइंडर चालू केलात. ग्राइंडरपुढं कुणाचं काय चालतंय! म्हणून हे लिहितेय, तेही चारचौघांत. नातू वाचून दाखवेल, तेवढा वेळ तरी मशीन बंद ठेवा.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या तुमच्या शेडपुढं आम्ही पहिल्यांदा आलो ते 2018 च्या पावसाळ्यात, अगदी रडकुंडीला येऊन. शाळेच्या पोरांची ने-आण करून दमलेली एक टेम्पो ट्रॅव्हलर आम्ही घेतली होती. आत्तींचे गुडघे गेलेले, उकिडवं बसता येत नाही, आणि कोकणातल्या माहेरी जायची हौस मात्र दांडगी. गाडीतच झोपायची, स्वयंपाकाची, संडासाची सोय झाली तर त्यांना कुठंही नेता येईल, एवढा साधा हिशोब. एका ठिकाणी (नाव घेत नाही) सगळं फर्निचर करून घेतलं. सनमायका असा चकचकीत की बघणाऱ्यानं चपला काढून आत यावं. पहिलाच जोराचा पाऊस गगनबावड्यात लागला आणि रात्री दोन वाजता आत्तींच्या अंथरुणात पाणी. आत्ती काही बोलल्या नाहीत. उठल्या, छत्री उघडली आणि छत्रीखाली बसून राहिल्या. ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

ज्यांनी काम केलं त्यांनी दोनदा वरून सिलिकॉन फासून दिलं. दोन्ही वेळा गळती तिथंच. तिसऱ्यांदा कुणीतरी तुमचं नाव सांगितलं, "पण म्हातारा तिरसट हाय" असा इशाराही दिला.

तुम्ही छतावर चढलाच नाहीत. आत आलात, आत्तींच्या पलंगावरचा ओला डाग बघितलात आणि विचारलंत, "गाडी घरात कशी लावताय? तोंड वर का खाली?" आमच्या दारात उतार आहे, तोंड वरच्या बाजूला असतं. "मग पाणी इथनं येत न्हाई. इथं फकस्त उतरतंय." छताच्या आतलं अस्तर उस्कटायला लावलंत. नव्याकोऱ्या कामाला स्क्रू-ड्रायव्हर लागलेला बघून ह्यांच्या पोटात गोळा आला होता, ते तुम्हाला दिसलं असणार. मग माझ्याकडं वळून म्हणालात, "बाई हाय न्हवं तुम्ही शाळेत? पर्समध्ये खडू असंल की."

होता. निळा.

तो खडू तुम्ही आतल्या पत्र्यावर आणि छताच्या आडव्या पट्ट्यांवर घासलात, भिंतीला चुना द्यावा तसा सगळीकडं. बारक्याला पाइप देऊन वर चढवलंत आणि सांगितलंत की पाणी एकदम वरनं ओतायचं नाही, कडेनं खालून सुरू करायचं आणि एकेक वीत वर सरकायचं. वरून ओतलं की सगळंच ओलं होतं आणि काहीच कळत नाही, हे मला तेव्हा कळलं. वीस मिनिटं काही झालं नाही. मग ड्रायव्हरच्या डोक्यावर, सामानाच्या कॅरिअरच्या एका बोल्टाजवळ, निळ्या खडूत एक बारीक काळी रेघ उमटली. ती हळूहळू पट्टीपर्यंत आली, पट्टी धरून मागं मागं चालत गेली आणि दहा फुटांवर आत्तींच्या उशीवर टपकन थेंब पडला. मी आयुष्यभर खडूनं फळ्यावर लिहिलं. खडूनं पाण्याकडून लिहून घेताना तुम्हालाच पाहिलं.

जुनं सिलिकॉन ब्लेडनं खरवडायला दोन दिवस गेले, आणि ते काम तुम्ही आमच्याकडूनच करून घेतलंत. कारण विचारल्यावर म्हणालात, जुन्या सिलिकॉनवर नवीन काहीच धरत नाही, आणि मी केलं तर तुम्हाला त्याची किंमत कळणार नाही. बोल्टाखाली ब्युटाइलची टेप, रबरी वायसर, वरून पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट. सात पावसाळे झाले त्याला. आत्तींची छत्री आता गाडीत नसते.

मला आभार मात्र मानायचेत ते तुम्ही जे केलं नाहीत त्याचे.

छत आटोपल्यावर आम्हाला उत्साह आला. शंभर लिटरची टाकी छतावर बसवायची असं ह्यांनी ठरवलं. आत जागा अडत नाही, पंप लागत नाही, नळ सोडला की पाणी धारेनं येतं. आम्ही कागदावर चित्रसुद्धा काढून आणलं होतं. तुम्ही चित्र बघितलंत, घडी घालून खिशात ठेवलंत आणि ह्यांच्या हातात वीस लिटरचा भरलेला कॅन दिलात. म्हणालात, "हातात खाली धरून त्या कोपऱ्याला वळसा घालून या. जरा पळत." आले. "आता खांद्यावर घ्या आणि तस्संच पळा." वळणावर ह्यांचा तोल असा गेला की बारक्यानं धरलं नसतं तर लेथवर आपटले असते. "हे वीस. तुम्ही शंभर चढवायलाय. म्हंजे शंभर किलो, ते बी आत डुचमळणारं. आणि खाली करूळचा घाट." विषय संपला. टाकी आत गेली, जमिनीलगत, दोन्ही चाकांच्या मधोमध, बसायच्या बाकाखाली. 304 ग्रेडच्या स्टीलची, नव्वद लिटरची, आत दोन आडवे पडदे टाकून, म्हणजे ब्रेक मारला की सगळं पाणी एकदम पुढं धावत नाही. त्यासाठी पंप घ्यावा लागला, बाकाखालचं कपाट गेलं, ह्यांचं तोंड दोन दिवस उतरलेलं होतं.

मागं दोन फूट वाढवून संडास मोठा करायचा, हे दुसरं. त्यालाही नाही. "चासीला कटर लावणार न्हाई. दुसरा मिस्त्री बघा." मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चं तुम्ही नाव घेतलं नाहीत, पण आरसी बुकात जे लिहिलंय त्यापेक्षा गाडीची मूळ रचना बदलायची तर आधी परवानगी लागते, नाहीतर अपघात झाल्यावर विमावाले हात वर करतात, हे तुमच्याच शेडमध्ये पहिल्यांदा ऐकलं. आधीच्या ठिकाणी सीटा काढताना कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. कागदपत्रांचा तो फेरा स्वतंत्र रामायण आहे, इथं नको.

वायरचं मात्र सांगते, कारण ते मी आता वर्गात शिकवते. फ्रिज रोज पहाटे बंद पडायचा. सगळे म्हणायचे बॅटरी गेली, नवीन घाला. तुम्ही मीटर काढलात. बॅटरीवर 12.3 व्होल्ट. फ्रिजच्या पिनेवर, कॉम्प्रेसर सुरू होताना, 11.1 च्या आसपास. मधलं कुठं गेलं? वायरला हात लावून बघायला सांगितलंत, कोमट होती. दीड स्क्वेअर एमएमची, घरात दिव्याला वापरतात ती, सहा मीटर जाऊन सहा मीटर परत येणारी. घरात चालते मग गाडीत का नाही, असं मी विचारलं. (घरची वीज 230 व्होल्टची, गाडीतली 12 ची.) तुमचं उत्तर मी फळ्यावर जसंच्या तसं लिहिते: "दोनशे तीस पानांच्या लग्नात एक ताट कमी पडलं तर कुणाला कळतंय? बारा जणांच्या पंगतीत पडलं तर बोंब होणारच." सहा स्क्वेअर एमएमची वायर ओढलीत, बॅटरीच्या तोंडाशीच फ्यूज बसवलात, आणि फरक पाव व्होल्टावर आला. बॅटरी तीच राहिली. बदलून दिली असती तर तुम्हालाच चार पैसे सुटले असते. (सातवीच्या पोरांना ओहमचा नियम समजला का माहीत नाही, ताटाचं सगळ्यांच्या लक्षात आहे.)

गॅसच्या कपाटाला तुम्ही खाली, थेट फरशीतून आरपार भोकं पाडलीत. आत्तींना वाटलं उंदीर येतील. तुम्ही जाळी बसवलीत, पण भोकं बुजवू दिली नाहीत. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो, त्याला खालूनच वाट पाहिजे. तेव्हापासून सिलिंडर बदलला की साबणाचा फेस लावून बघणं हे आत्तींचं खातं. चष्मा लावून, अगदी नाक टेकवून बघतात.

आणि वजनकाटा! गाडी काट्यावर नेऊन आधी पुढची चाकं, मग मागची, मग एकच बाजू काट्यावर चढवून वजन करायला लावलंत. काटेवाला वैतागला होता. डावी बाजू उजवीपेक्षा दीडशे किलो जड निघाली. ओटा, फ्रिज, टाकीचं तोंड, सगळा संसार एकीकडं मांडलेला. बॅटरी आणि कपड्यांचा ट्रंक उजवीकडं गेला, तेव्हापासून वळणावर गाडी झुकत नाही आणि आमच्या लेकीला उलट्याही होत नाहीत.

त्यानंतरचा पावसाळा 2019 चा. पंचगंगेची धोका पातळी 43 फूट, हे कोल्हापुरात शेंबड्या पोराला पाठ आहे. त्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पाणी 55 फुटांच्या वर गेलं. आमच्या शाहूपुरीतल्या घरात गुडघाभर आलं तेव्हा आम्ही आत्तींना, लेकीला आणि देव्हारा घेऊन गाडी राजारामपुरीत नणंदेच्या दारात लावली. नणंदेच्या घरात आधीच सोळा माणसं. आम्ही आठ दिवस गाडीतच राहिलो. उपसा केंद्रं पाण्याखाली गेल्यामुळं नळाला पाणी नाही. सगळीकडं पाणीच पाणी आणि प्यायला थेंब नाही अशी गत. तुमच्या नव्वद लिटरवर आमचं आणि नणंदेकडच्या लहान पोरांचं पिणं-रांधणं तीन दिवस चाललं, मग टँकर आला. ऊन नसल्यामुळं छतावरच्या सोलरनं हात टेकलेले, हायवे शिरोलीजवळ बुडाल्यामुळं डिझेल मिळेना, म्हणून इंजिन चालू ठेवून बॅटरी भरायचीही सोय नाही. फ्रिज बंद केला. एक दिवा, आणि रोज गल्लीतले दहा-बारा मोबाइल. बाक उघडून कुणी पाणी घेताना बघितलं की हे माझ्याकडं बघायचे. "छतावर असती तर?" असं एकदाही म्हणाले नाहीत, पण त्यांच्या तोंडावर ते दिसायचं.

त्या आठवड्यात तुमच्या शेडमध्येही पाणी शिरलं होतं, लेथची मोटर गेली होती, हे आम्हाला महिन्यानं समजलं. तुम्ही सांगितलं नव्हतंत. तुमचा फोन आला होता, तो फक्त "टाकीचं झाकण घट्ट हाय न्हवं?" एवढं विचारायला.

बाकीचं किरकोळ. लॉकडाउनमध्ये गाडी उभी राहिली आणि उंदरांनी वायरी खाल्ल्या, तर तुम्ही फोनवरून एकेक वायर माझ्याकडून जोडून घेतलीत आणि वर नळी चढवायला लावलीत. करूळ उतरताना ब्रेकचा वास आला तेव्हा ह्यांना "ज्या गिअरनं चढला असता त्याच गिअरनं उतरा" हे तुमचं वाक्य आठवलं. संडासाची टाकी रोज रिकामी कुणी करायची यावरून आमच्यात अजून भांडण होतं. त्यावर तुमच्याकडंही इलाज नाही, मी विचारून बघितलंय.

आता शेवटचं. तुम्ही हिशोब वहीत लिहीत नाही, शेडच्या पत्र्याच्या दारावर खडूनं लिहिता. मागच्या वेळचे आमचे 2,350 रुपये राहिले होते. परवा विचारलं तर दाराकडं हात केलात. "पावसानं पुसलं. पुसलं म्हंजे फिटलं."

तात्या, मी बाई आहे शाळेतली. फळा पुसायच्या आधी फोटो काढून ठेवायची मला सवय आहे. तारखेसकट आहे माझ्याकडं. गुरुवारी दुपारी येतोय, स्टेपनीचं ब्रॅकेट पण खडखडायला लागलंय तेही बघा. आत्तींनी खर्डा कुटून ठेवलाय. पैसे घेतल्याशिवाय खर्डा मिळणार नाही, हा त्यांचा निरोप आहे, माझा नव्हे.

तुमची,
निळ्या खडूवाली बाई