घरबसल्या इंटर्नशिप: प्रमाणपत्र नको, कोड बघा

महोदय,

चालकविरहित गाड्यांच्या क्षेत्रात घरबसल्या सॉफ्टवेअर इंटर्नशिप मिळवून देण्याच्या जाहिराती अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांपर्यंत सारख्या येत असतात. गाडीला हात न लावता गाडीचं काम कसं शिकणार, अशी शंका पालक आणि प्राध्यापक घेतात. ती रास्त आहे, पण या क्षेत्रातलं बरंचसं सॉफ्टवेअर मुळातच गाडीपासून लांब, रस्त्यावर नोंदवून आणलेल्या डेटावर घडतं. त्यामुळे काम घरून होऊ शकतं. प्रश्न आहे तो विद्यार्थ्याच्या हाती नेमकं काय दिलं जातं याचा.

२०१८ च्या मार्चमध्ये अमेरिकेत टेम्पी इथे उबरच्या चाचणी गाडीने सायकल ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या महिलेचा जीव घेतला. धडकेच्या ५.६ सेकंद आधीच रडारला ती दिसली होती. पण सॉफ्टवेअर तिला कधी वाहन, कधी सायकल, कधी ‘इतर’ ठरवत राहिलं आणि दर वेळी वर्ग बदलला की तिच्या आधीच्या हालचालीची नोंद टाकून देत होतं. त्यामुळे ती कुठे चालली आहे याचा अंदाज नीट बांधलाच गेला नाही. असा दोष पुण्यात बसूनही शोधता येतो: नोंदवलेला प्रवास पुन्हा चालवायचा, वर्ग बदलला तरी मागोवा टिकतो का ते तपासणारी चाचणी लिहायची. इंटर्नला द्यावं ते हे काम.

त्यात अडचणी येतात त्याही ठरलेल्या. लायडर (लेझर किरण फिरवून अंतरं मोजणारा सेन्सर) सेकंदाला १० फेऱ्या मारत असेल तर एका फेरीला ०.१ सेकंद लागतो. ताशी ७२ किलोमीटर वेगाने तेवढ्यात गाडी २ मीटर पुढे गेलेली असते. ही सरक दुरुस्त केली नाही तर खांब वाकडे दिसतात. कार्ला या मोफत सिम्युलेटरमध्ये (संगणकावर गाडी आणि रस्त्याची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये) वाय अक्ष उजवीकडे जातो, आरओएस या रोबोटसाठीच्या सॉफ्टवेअरमध्ये डावीकडे. चिन्ह बदलायचं राहिलं की डावीकडचा पादचारी उजवीकडे उगवतो. आरओएस २ मध्ये सेन्सर ‘बेस्ट एफर्ट’ने (पोहोचला तर पोहोचला) संदेश पाठवतो आणि घेणारा प्रोग्राम ‘रिलायबल’ (खात्रीने पोहोचणारा) मागतो, तेव्हा प्रोग्राम चालू राहतो पण संदेश एकही पोहोचत नाही; लॉगमधल्या इशाऱ्याकडे लक्ष गेलं नाही तर दिवस वाया जातो. कार्लामध्ये सिंक्रोनस मोड (आपला प्रोग्राम सांगेल तेव्हाच सिम्युलेटर पुढे सरकतो ती पद्धत) आणि ०.०५ सेकंदांसारखी ठरावीक काळाची पायरी लावली नाही, तर तीच चाचणी दर वेळी वेगळा निकाल देऊ शकते.

डेटाचा आकारही लक्षात घ्यावा. १९२० बाय १०८० चे ६ कॅमेरे सेकंदाला १० चित्रं काढत असतील, तर न दाबलेला (कॉम्प्रेस न केलेला) डेटा तासाला १.३ टेराबाइटच्या वर जातो. घरच्या इंटरनेटवर तो उतरवणं शक्य नाही. खरी कंपनी आपल्या सर्व्हरवर प्रवेश देते किंवा काही सेकंदांचे तुकडे कापून देते. ‘आपापल्या लॅपटॉपवर करा’ एवढंच सांगणाऱ्यांकडे बहुधा डेटाच नसतो.

कार्लाला किमान ६ जीबीचं ग्राफिक्स कार्ड लागतं. ते नसेल तर नूसीन्स या रस्त्यावर नोंदवलेल्या डेटासेटचा १० प्रसंगांचा लहान संच साध्या लॅपटॉपवर तयारीला पुरतो. मात्र तो बोस्टन आणि सिंगापूरचा. त्यात रिक्षाला वेगळा वर्ग नाही. हैदराबादच्या ट्रिपल आयटीच्या पुढाकारातून तयार झालेल्या इंडिया ड्रायव्हिंग डेटासेटमध्ये रिक्षा हा स्वतंत्र वर्ग आहे. आपल्या मुलांनी तो जरूर हाताळावा.

कंपनी कॅलिफोर्नियातली असेल तर उन्हाळ्यात साडेबारा तासांचं अंतर पडतं. शंका विचारली की उत्तर दुसऱ्या दिवशी. म्हणून चूक कोणत्या सेकंदाला, कोणत्या आवृत्तीत, कोणत्या आज्ञेने दिसली हे एकाच संदेशात लिहिण्याची सवय आधीच लागायला हवी. महाविद्यालयात ती कोणी शिकवत नाही, याचं वाईट वाटतं.

विद्यार्थ्याकडूनच शुल्क घेऊन आठवड्याला चार व्हिडिओ दाखवणं ही इंटर्नशिप नव्हे. श्रेयांक देण्याआधी महाविद्यालयांनी प्रमाणपत्राऐवजी तीन गोष्टी मागाव्यात: विद्यार्थ्याने लिहिलेल्या बदलांची यादी, त्यावर वरिष्ठ अभियंत्याने दिलेले लेखी शेरे, आणि त्याने लिहिलेली, आधी नापास होऊन दुरुस्तीनंतर पास झालेली किमान एक चाचणी. कंपनीचा कोड गोपनीय असेल तर मार्गदर्शकाने स्क्रीन शेअर करून अर्धा तास तोंडी परीक्षा घ्यावी. येत्या सत्राच्या अर्जातच ही अट घालता येईल.

– एक सॉफ्टवेअर अभियंता, पुणे